पडद्याचे चित्रीकरण : पैसे माइकवर खर्चावेत

कर्नाटकाच्या अभ्यासक्रमाचे मराठीतून शिकवलेले धडे सहजी सापडत नाहीत. बेळगावात ते आपल्यालाच तयार करावे लागणार. त्यासाठी संगणकाच्या पडद्याचे चित्रीकरण करणारे सॉफ्टवेअर विकत घ्यावे, असे काही पालकांना वाटते. मला ते पटत नाही. 'ओबीएस स्टुडिओ' २०१२ पासून मोफत मिळते. वेळेची मर्यादा नाही, चित्रावर कंपनीचा शिक्काही उमटत नाही. सुरुवातीला मांडणी किचकट वाटते खरी, पण आठवी-नववीची मुले ती आपल्याआधी शिकतील! फाईल 'एमकेव्ही' स्वरूपात ठेवावी. मध्येच वीज गेली तरी तोवरचा भाग सहसा वाचतो, साधी 'एमपी४' फाईल बहुधा उघडतच नाही. विश्वस्तांनी वाचलेल्या पैशांतून चांगला माइक घ्यावा. आकृती जरा धूसर चालेल, बाईंचा आवाज मात्र शेवटच्या शब्दापर्यंत स्पष्ट हवा.