भुयाराचे नाक कुणाच्या अंगणात?

कोलकात्याच्या भुयारी मेट्रोच्या फलाटावर पहिल्यांदा उभा राहिलो, तेव्हा गाडी दिसण्याआधी तिचा वारा अंगावर आला होता. मुंबईच्या कुलाबा-वांद्रे-सीप्झ मेट्रोत तो लागत नाही. फलाटाच्या कडेला काचेची भिंत आहे. बोगद्यातली हवा पलीकडे, आपण अलीकडे. त्यामुळे ३३.५ किलोमीटरच्या या मार्गालाही श्वास घ्यावा लागतो, हे ध्यानातच येत नाही. त्याच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत.

धावती गाडी पिचकारीतल्या दट्ट्यासारखी हवा पुढे ढकलते. ब्रेक, मोटारी आणि वातानुकूलन यांची उष्णता बोगद्यात साठते. ती बाहेर काढायला जमिनीपर्यंत उभी विवरे बांधून अजस्र पंखे बसवावे लागतात. हे पंखे उलटेही फिरतात. आग लागलीच, तर धूर एका दिशेला रेटायचा आणि प्रवाशांना ताज्या हवेच्या दिशेने बाहेर काढायचे, असा हिशेब असतो. २००३ साली दक्षिण कोरियातील देगू शहरात एकाने मेट्रोच्या गाडीत आग लावली. १९२ माणसे गेली. भुयारात धूर कोंडला म्हणजे काय होते, ते तेव्हा जगाने पाहिले.

भुयाराचे हे नाक अखेर रस्त्यावरच उघडते आणि तिथे भांडण सुरू होते. मेट्रो सर्वांना हवी. तिची घरघर आणि गरम हवा कुणाच्याच खिडकीखाली नको. हे आजचे नाही. १८६०च्या दशकात लंडनमध्ये वाफेच्या गाड्यांचा धूर सुटावा म्हणून लीन्स्टर गार्डन्समधील दोन घरांची जागा उघडी ठेवली आणि रस्त्याच्या बाजूने घरांचा नुसता दर्शनी देखावा उभारला. शोभा राहिली, धूरही निघून गेला.

रहिवाशांची तक्रार मी खोटी म्हणणार नाही. आवाज रोखायला खर्च करावा, जागा ठरवण्याआधी त्यांना नकाशा दाखवावा. पण झरोकाच नको, हा हट्ट चालणार नाही. मुंबईत तर त्याचे तोंड तुंबणाऱ्या पाण्याच्या वरच हवे. २६ मे २०२५ रोजी वरळीच्या आचार्य अत्रे चौक स्थानकात बांधकाम चालू असलेल्या प्रवेशमार्गातून पाणी शिरले. जमिनीवरचे एक तोंड असुरक्षित राहिले, तर एवढे होते.

घर घेताना आपण हवा, उजेड, पाणी यांची चौकशी करतो. रोज ज्या भुयारातून मुले कॉलेजला जातात, त्याविषयीही एक प्रश्न विचारायला हरकत नाही: ते पंखे धूर सोडून शेवटचे कधी तपासले?