अँप्लिफायर का तापतो?



वाणगाव पट्ट्यात मिरचीला थोडेच पाणी हवे असताना मोठा पंप चालवून व्हॉल्व्ह आवळला, तर पाणी कमी येते. पण वीज त्या मानाने वाचत नाही. सप्ताहातल्या अँप्लिफायरचेही तसेच आहे.

हिशेब पाहा. आतला पुरवठा ४० व्होल्टचा आहे. प्रवचनकार हळू बोलत असताना कर्ण्याला १० व्होल्ट व १ अँपिअर पुरतात. पुरवठ्यातून ४० वॉट निघतात, कर्ण्याला १० मिळतात. उरलेल्या ३० वॉटची नुसती उष्णता होते. जनरेटरचे डिझेल तिथे जळते. पुरवठा २० व्होल्टचा असता, तर १० वॉटच वाया गेले असते.

म्हणून दोन दाबांचा पुरवठा निघाला. एरवी कमी व्होल्ट. टाळ-मृदंग चढले की तेवढ्यापुरते जास्त. जपानच्या हिताची कंपनीने १९७७ साली असा अँप्लिफायर बाजारात आणला. या पद्धतीला ‘क्लास जी’ म्हणतात. गरजेप्रमाणे व्होल्ट सतत वरखाली होणारी ती ‘क्लास एच’. आता मिळणारा ‘क्लास डी’ वेगाने उघडझाप करून चालतो व त्याहून कमी तापतो.

मंडळासाठी संच घेताना नुसते वॉट विचारू नका, क्लासही विचारा. आवाज सतत पूर्ण ठेवला, तर दोन दाबांचा फायदा फारसा उरत नाही. आणि जुन्या संचाच्या जाळीवर सतरंजी टाकू नका. वारा खेळू द्या.