आपली भर, आपल्या पदरी

२०२० सालच्या टाळेबंदीत दूरदर्शनवर ‘महाभारत’ मालिका पुन्हा लागली. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडला, द्रौपदीने त्याला आंधळ्याचा मुलगा म्हणून हिणवले आणि आमच्या दिवाणखान्यात निकाल लागला: बाईने जीभ आवरली असती तर युद्ध टळले असते! नात तेवढी विचारती झाली, "आजी, ती खरंच असं म्हणाली?"

नाही म्हणाली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने शेकडो हस्तलिखिते ताडून १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीत तो टोमणा नाही. द्रौपदी हसली, ही दुर्योधनाची तक्रार तेवढी आहे. बाकीचा ठपका नंतरच्या सांगणाऱ्यांनी तिच्या माथी मारला आणि आपण तो पिढ्यान्‌पिढ्या खरा मानला.

अशा वेळी इरावतीबाई कर्वे आठवतात. १९०५ साली ब्रह्मदेशात जन्म, बर्लिनची डॉक्टरेट आणि पुढे डेक्कन कॉलेजात अध्यापन. नातेसंबंध आणि कुटुंबरचना हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. तीच नजर त्यांनी कुरुकुलाकडे वळवली. भीष्माच्या प्रतिज्ञेपायी त्या घरातल्या बायकांच्या वाट्याला काय आले, हे त्यांनी भीडभाड न ठेवता विचारले. खांडववन जाळण्यातले क्रौर्यही झाकले नाही. १९६७ साली त्यांचे ‘युगान्त’ आले. साहित्य अकादमीने ते गौरवले.

पण मला त्यांची एक गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. महाप्रस्थानाच्या वाटेवर कोसळलेली द्रौपदी आणि भीम यांचा अखेरचा प्रसंग त्यांनी स्वतःच्या मनाने रंगवला. वाचताना गळा दाटून येतो. मात्र त्याआधी त्या बजावतात, की इथून पुढची ही आपली ‘नरोटी’. नरोटी म्हणजे रिकामी करवंटी. एवढ्या सुंदर लेखनाला असे नाव देणारी लेखिका विरळाच!

कादंबरीकाराला मोकळीक असते, हे खरे. ‘ययाती’ आणि ‘मृत्युंजय’ वाचून आमची पिढी वाढली. पण ‘मृत्युंजय’मधला कर्ण हाच व्यासांचा कर्ण असे समजून आपण भांडतो, तेव्हा चूक वाचकाची असते.

जुन्या कथा नव्याने जरूर सांगाव्यात. त्या त्यामुळेच जगल्या. फक्त मुलांना सांगताना एवढे म्हणावे: हे व्यासांचे, हे माझे. त्याने गोष्टीची गोडी कमी होत नाही, आणि न बोललेल्या शब्दासाठी कुणा द्रौपदीला शिक्षाही होत नाही.