टॉमकॅटच्या आतली फाईल बाहेर कशी येते? खरा प्रश्न डीफॉल्ट सेटिंगचा

तुम्ही मोबाईलवर एखादं ॲप उघडता, तेव्हा मागे सर्व्हरवर बऱ्याचदा जावा चालू असतं. जावाची वेब ॲप्स चालवणारा एक लोकप्रिय सर्व्हर म्हणजे अपाची टॉमकॅट.

टॉमकॅटवरच्या ॲपमध्ये 'वेब-इन्फ' नावाचं फोल्डर असतं. ब्राउझरमधून मागितलं तर ते मिळत नाही. सर्व्हरवरचा कोड मात्र त्यातली फाईल सहज वाचतो. म्हणून डेव्हलपर तिथे सेटिंग्ज ठेवतात, कधीकधी डेटाबेसचा पासवर्डसुद्धा.

फेब्रुवारी २०२० मध्ये 'घोस्टकॅट' ही त्रुटी उघड झाली. टॉमकॅटचं ८००९ क्रमांकाचं पोर्ट पुढच्या वेब सर्व्हरशी बोलण्यासाठी असतं, त्यामुळे तिथून आलेल्या विनंतीवर टॉमकॅट जास्त विश्वास ठेवायचा. ते पोर्ट इंटरनेटवर उघडं असेल, तर कोणीही वेब-इन्फमधली फाईल वाचू शकत होतं. आणि हे पोर्ट डीफॉल्ट चालूच असायचं! ९.०.३१ आवृत्तीत ते डीफॉल्ट बंद झालं.

मार्च २०२५ मध्ये टॉमकॅटची आणखी एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. पण तिचा फायदा घ्यायला सर्व्हरवर फाईल लिहिण्याची परवानगी चालू लागते, जी मुळात बंद असते. म्हणजे ज्यांनी सेटिंग बदललंच नव्हतं, ते वाचले.

माझ्या मते धडा सरळ आहे: बहुतेक लोक डीफॉल्ट बदलत नाहीत, त्यामुळे तेच सुरक्षित हवं. तुम्ही जावा शिकत असाल, तर पासवर्ड ॲपच्या फोल्डरमध्ये ठेवू नका. नुसते युजर असाल, तर एकच पासवर्ड सगळीकडे वापरू नका.