सातबारावरचा बोजा आणि कडेवरचे मूल

परवा माझ्या जुन्या शाखेतील एका सहकाऱ्याची मुलगी घरी आली. वय बावीस. बारावी विज्ञान होताच लग्न झाले, तीन वर्षांत घटस्फोटही झाला आणि आता कडेवर तीन वर्षांची लेक. पडेगावात माहेरी राहते. छावणीतल्या लष्करी रुग्णालयातील परिचारिकांना लहानपणापासून पाहत आली आहे. 'काका, मला मिलिटरीत नर्स व्हायचंय. नीटचा अभ्यास पुन्हा सुरू केलाय. पण ही अट काय आहे ते सांगा, तुम्ही बँकेत होतात,' असे म्हणून तिने बी.एस्सी. नर्सिंगच्या प्रवेशाची माहिती पुढे ठेवली.

अट अशी, की उमेदवार स्त्री अविवाहित, घटस्फोटित, कायद्याने विभक्त किंवा विधवा असावी. मात्र 'विदाउट एन्कम्ब्रन्सेस'. हा शब्द मी नोकरीभर कर्जाच्या फायलींवर लिहिला. शेतकरी कर्जाला आला की वकिलाचा शोध अहवाल मागवायचा, सातबाराच्या इतर हक्कांत बोजा आहे का ते पाहायचे. इथे बोजा म्हणजे चहात बिस्कीट बुडवीत बसलेली ती चिमुरडी. घटस्फोट चालतो, वैधव्य चालते. पदरचे मूल तेवढे चालत नाही.

या अटीमागे काहीच विचार नाही, असे मी म्हणणार नाही. पुण्याचे ए.एफ.एम.सी., मुंबईचे 'अश्विनी' आणि दिल्ली, कोलकाता, लखनौ, बंगळूर येथील लष्करी परिचर्या महाविद्यालये, या सहा ठिकाणी चार वर्षे वसतिगृहात राहून शिकायचे. खर्च सरकारचा, त्या बदल्यात सेवेचा करार. पुढे लेफ्टनंटचा हुद्दा आणि देशभर बदल्या. रात्रपाळी असेल तेव्हा मूल कोणापाशी, हा प्रश्न लष्कराला पडला तर त्यात वावगे काय?

पण या सेवेत बोजा कशाला म्हणायचे, हे काळाप्रमाणे बदलत आले आहे. एके काळी लग्न हाच बोजा होता. सेलिना जॉन या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमधील लेफ्टनंटला १९८८ साली लग्न केले म्हणून सेवेतून कमी करण्यात आले. ज्या १९७७ च्या नियमावर बोट ठेवून हे झाले, तो १९९५ साली मागे घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र १४ फेब्रुवारी २०२४ ला निकाल दिला, असा नियम उघड मनमानी आणि लिंगभेद करणारा ठरवला आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. अन्याय आणि भरपाई यांत छत्तीस वर्षे गेली. आमच्याकडे इतकी जुनी थकबाकी केव्हाच निर्लेखित झाली असती.

मूल असलेल्या स्त्रीला लष्कर सामावून घेऊच शकत नाही, असेही नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक २०१५ साली कुपवाड्यात धारातीर्थी पडले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक दोन मुलांची आई असून, वयाची अट शिथिल होऊन, २०१७ साली चेन्नईच्या प्रशिक्षण अकादमीतून अधिकारी झाल्या. मेजर कौस्तुभ राणे २०१८ साली गुरेझमध्ये गेले. त्यांच्या पत्नी कनिका राणे लहान मुलाची आई असताना २०२० साली त्याच अकादमीतून बाहेर पडल्या. जवानांच्या वीरपत्नींना मुले असली तरी ही वाट खुली आहे आणि ती असायलाच हवी. पण त्या वाटेवर मूल अडचण ठरत नाही, तर परिचर्येच्या वाटेवर का ठरावे? संरक्षण मंत्रालयानेच २०२३ साली सांगितले, की महिला अधिकाऱ्यांना संपूर्ण सेवेत ३६० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. म्हणजे उंबरठ्याच्या आत मुलासाठी रजा आणि उंबरठ्यावर मूल म्हणजे बोजा.

बँकेचा माणूस म्हणून सांगतो, बोजा दिसला म्हणून आम्ही कधी फाईल मिटत नव्हतो. किती आहे, कोणाचा आहे, फिटणार कसा, हे विचारायचो. पहिल्या धनकोचे ना हरकत पत्र आणले, तारण पुरेसे असले, की दुसरे कर्जही देत होतो. या मुलीची आई पन्नाशीच्या आत आहे, धडधाकट आहे, नातीला सांभाळायला राजी आहे. मुलाची जबाबदारी कोण घेणार याचे प्रतिज्ञापत्र मागावे, हवी तर चौकशी करावी. यांतले काहीही न विचारता एका शब्दात दार लावून घेणे ही सावधगिरी झाली, पारख नव्हे.

हे सगळे लिहिणे सोपे. तिला त्या दिवशी काय सांगायचे? मूल लपवून अर्ज भरू नकोस, हे आधी सांगितले. कोणीतरी तसा सल्ला तिला दिलाही होता. मग म्हणालो, आधी राज्याच्या प्रवेश परीक्षेतून एखाद्या नागरी महाविद्यालयात बी.एस्सी. नर्सिंग कर. पदवीधर परिचारिकांसाठी लष्कराची शॉर्ट सर्व्हिसची वाट वेगळी आहे. २०२३ च्या जाहिरातीत तिथे वयोमर्यादा ३५ होती. जाहिरात निघेल तेव्हा वैवाहिक स्थितीचा रकाना आधी वाच आणि शंका आली तर लेखी विचार.

तिने बोटांवर हिशेब केला. पदवी हाती येईल तेव्हा ती सत्तावीस वर्षांची, लेक आठ वर्षांची. 'म्हणजे तिसरीत असेल,' ती म्हणाली आणि राज्याच्या परीक्षेचा अर्ज कधी निघतो ते विचारू लागली.