मिशेलिनचा तारा नेमके काय मोजतो?

१/९
एखाद्या उपाहारगृहाला मिशेलिनचा तारा मिळाल्याची बातमी आली, की तिच्याखाली एक प्रश्न हमखास दिसतो: ‘भारतात एकही तारा का नाही? आपले अन्न त्या तोडीचे नाही का?’ माझ्या मते हा प्रश्नच चुकीच्या गृहीतकावर उभा आहे. ताऱ्याकडे निकाल म्हणून न पाहता एक ऐतिहासिक साधन म्हणून पाहिले, तर ते ध्यानात येईल. #धागा

२/९
आंद्रे आणि एदुआर मिशेलिन हे बंधू फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ येथे टायर बनवीत. १९०० साली त्यांनी मोटारचालकांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढून तिच्या सुमारे ३५,००० प्रती फुकट वाटल्या. तेव्हा साऱ्या फ्रान्समध्ये मोटारी होत्या जेमतेम ३,०००! टायर कसा बदलावा, पेट्रोल कोठे मिळेल, मुक्काम कोठे करावा, असा तिचा मजकूर. हेतू उघड होता: लोकांनी प्रवास करावा आणि टायर झिजावेत.

३/९
१९२० पासून ही मार्गदर्शिका विकत मिळू लागली. १९२६ मध्ये उत्तम भोजनासाठी एक तारा देण्यास प्रारंभ झाला, १९३१ मध्ये दोन व तीन ताऱ्यांची श्रेणी आली आणि १९३६ मध्ये त्यांचा अर्थ छापला गेला. एक तारा म्हणजे आपल्या वर्गातील फार चांगले ठिकाण. दोन म्हणजे वाट वाकडी करून जावे असे. तीन म्हणजे केवळ त्यासाठीच मुद्दाम प्रवास करावा असे.

४/९
ही व्याख्या लक्षपूर्वक वाचा. तिच्यात स्वयंपाकाइतकाच रस्ताही आहे. ‘जगातील श्रेष्ठ अन्न कोणते?’ हा तिचा प्रश्नच नव्हता. ‘मोटार बाळगणाऱ्या प्रवाशाने किती दूर जावे?’ हा होता.

५/९
म्हणून तिचे मोल कमी होत नाही. १९३३ मध्ये एजेनी ब्राझिए या स्त्रीच्या लिऑन व कोल द ला लुएर येथील दोन्ही उपाहारगृहांना प्रत्येकी तीन तारे मिळाले. शेतकरी घरातील, लहानपणापासून कष्ट उपसलेली ही बाई. पॅरिसबाहेरच्या पाककलेची अशी नोंद होणे ही लहान गोष्ट नव्हती.

६/९
तारे देण्याची पद्धतही शिस्तीची आहे. कंपनीचे पगारी निरीक्षक ओळख न देता जेवतात, बिल स्वतः भरतात आणि निर्णय एकत्रितपणे घेतात. जिन्नसांचा दर्जा, तंत्रावरील प्रभुत्व, चवींचा मेळ, आचाऱ्याचे स्वत्व आणि सातत्य यांवर भर असतो. सजावटीला तारा मिळत नाही. शिवाय तो उपाहारगृहाचा असतो, आचाऱ्याचा नव्हे.

७/९
तरीही साधन म्हटले की साधनचिकित्सा आलीच. २००५ च्या बेल्जियम-नेदरलँड्स-लक्झेंबर्ग आवृत्तीत अद्याप सुरूच न झालेल्या एका उपाहारगृहाची शिफारस छापली गेली आणि ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. मार्गदर्शिका कोठे निघणार, यामागेही अर्थकारण असते. बँकॉकची पहिली आवृत्ती २०१७ च्या अखेरीस निघाली. त्यासाठी थायलंडच्या पर्यटन खात्याने पाच वर्षांकरिता १४.४ कोटी बाट देण्याचा करार केला होता. याचा अर्थ तारे विकले गेले असा नव्हे. परंतु कोणत्या देशात निरीक्षक जातील, हे पहिला घास घेण्याआधीच ठरलेले असते.

८/९
आता मूळ प्रश्नाकडे वळू. भारतातील उपाहारगृहांसाठी ही मार्गदर्शिका निघालेलीच नाही. उलट २००१ मध्ये लंडनमध्ये विनीत भाटिया व अतुल कोचर यांच्या भारतीय स्वयंपाकाला तारे मिळाले, कारण लंडन त्या यादीत होते. मुंबईत वाढलेले भाटिया मुंबईतच राहिले असते, तर त्यांच्या त्याच हातच्या चवीला तारा मिळाला नसता. एखाद्या गावाचे दप्तर उपलब्ध नाही म्हणून तेथे वस्तीच नव्हती, असा निष्कर्ष आपण काढतो का? मग येथेच का काढावा?

९/९
उद्या सार्वजनिक पैशातून अशी मार्गदर्शिका आपल्याकडे आणण्याचा प्रस्ताव आला, तर ‘किती तारे मिळतील?’ याआधी ‘यादी कोण करणार, कोणासाठी आणि तिच्यातून काय सुटणार?’ हे विचारले पाहिजे. बिनपाटीच्या खानावळी अशा यादीत सहसा येत नाहीत. त्यांची नोंद आपणच केली नाही, तर पन्नास वर्षांनी अभ्यासकाच्या हाती फक्त ताऱ्यांची यादी उरेल.

तेव्हा वाट वाकडी करून जावे अशी तुमच्या गावची खानावळ कोणती? गाव, पदार्थ आणि ती कधीपासून चालू आहे, हे खाली अवश्य लिहा.