उधारीचं कुलूप

ज्या ऑफिसात एक सर्व्हर आणि सहा कॉम्प्युटर असतात, तिथे अधूनमधून एक सेटिंगवाला येतो. चहा पितो, "साहेब, आता स्पीड बघा!" म्हणतो आणि बिल ठेवून जातो. माझी तक्रार त्या स्पीडविरुद्ध आहे.

सर्व्हरवर पुष्कळदा सांबा नावाची प्रणाली असते. ('शोले'तला सांबा नव्हे; त्याला इनाम किती, ते विचारतात.) 1991 च्या अखेरीस कॅनबेऱ्यात अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने ती लिहायला घेतली. एस, एम, बी ही अक्षरं असलेले शब्द धुंडाळताना पुढे हे नाव सापडलं. माणूस हुशार, प्रणाली झकास. भांडण तिच्याशी नाही.

तिच्यात ऑपलॉक नावाची सोय मुळातच चालू असते. नावात लॉक आहे, पण हे कुलूप नव्हेच. ही उधारी आहे. फाइल एकानेच उघडली असेल तर सर्व्हर त्याच्या कॉम्प्युटरला म्हणतो, "बाबा रे, वही घरी ने. ओळीओळीला माझ्याकडे खेटे नकोत. दुसरं कुणी आलं की हाक मारीन, तेव्हा लिहिलेलं सगळं आणून जमा कर." एकट्याचं पत्र किंवा कोटेशन असेल तर यात वेग खरोखर वाढतो. नाही कशाला म्हणू?

पण पतसंस्थेची खातेवही? फॉक्सप्रोची डीबीएफ, नाहीतर अ‍ॅक्सेसची एमडीबी फाइल सहाजण दिवसभर उघडून बसलेले असतात. तिथे दिलेली उधारी लगेच परत मागावी लागते. म्हणजे वेगाच्या नावाने शून्य. आणि सर्व्हरने हाक मारली तेव्हाच पहिला कॉम्प्युटर लटकलेला असला, किंवा वायर उंदराने कुरतडलेली असली, तर? सर्व्हर अर्धा मिनिट वाट बघतो आणि नाइलाजाने दुसऱ्याला जुनीच वही उघडून देतो. पहिल्याच्या मेमरीतला हप्ता गेला! काकूंच्या हातात पावती आहे, खात्यात पैसे नाहीत. कधी कधी सबंध फाइलच मोडते. सेटिंगवाला तेव्हा म्हणतो, "व्हायरस असेल."

दुसरा पंथ याच्या उलट. एकदा फाइल मोडली की हे लोक सगळीकडचे ऑपलॉक बंद करतात. डास चावला म्हणून खिडक्या विटांनी बुजवण्यातला प्रकार! मग साधं पत्र उघडायलाही ताटकळत बसा.

अहो, सांबाच्या सेटिंगच्या फाइलीत 'व्हेटो ऑपलॉक फाइल्स' अशी एक ओळ लिहिता येते. डीबीएफ, सीडीएक्स, एमडीबी, ज्या वह्या सामायिक त्यांचीच नावं तीत घाला. बाकीच्यांची उधारी खुशाल चालू ठेवा. आणि ओळ लिहून झाली, सांबाने सेटिंग नव्याने वाचलं, की सगळ्यांना एकदा फाइल बंद करून पुन्हा उघडायला लावा. आधी नेलेल्या वह्या आपसूक परत येत नाहीत.